जपान: टोकियोचं डिस्नी आणि ओसाकाचं युनिव्हर्सल, एकाच फेरीत पाच जणांना कसं जमवावं?

कोथरूडची_कैरी

नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपून घरचे पाच जण जपानला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा (उंची अनवाणी १०८ सेंमी) आणि सासूबाई, वय ६८, गुडघ्यांचा त्रास. सगळे शाकाहारी, सासूबाईंना अंडंही चालत नाही.

सध्याचा कच्चा आराखडा असा: १२ नोव्हेंबरला रात्री मुंबईहून निघून १३ ला संध्याकाळी टोकियो. १४ शनिवारी टोकियो डिस्नीलँड, १५ रविवारी डिस्नीसी. मग १६ ते १९ टोकियो शहर, २० ला बुलेट ट्रेनने ओसाका, २१ शनिवारी युनिव्हर्सल. २२ ला परत टोकियोला येऊन तिथूनच विमान, कारण मुंबई-टोकियो जाऊन-येऊन तिकीट सोपं वाटतंय. पाचही जणांचा सात दिवसांचा रेल्वे पास काढायचा विचार आहे.

अजून काहीच बुक केलेलं नाही. दोन पार्कांमधलं अंतर ५०० किमीच्या वर आहे, तर सामान घेऊन हे फार दगदगीचं होईल का? मुलाला कोणत्या राइड्सना घेतील? पार्कच्या आत शाकाहारी खायला काय मिळतं? आणि काय, कधी, कोणत्या क्रमाने बुक करायचं?

तिथीवार

काही बुक केलं नाहीत हे फार बरं झालं. आधी पार्कचे वार पक्के करा, त्याभोवती विमान बसवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं आणि मग पार्क शनिवारी येतो.

तुमच्या आराखड्यातले तिन्ही पार्क शनिवार-रविवारी पडलेत. त्यात १३ नोव्हेंबर हा इबाराकी प्रांताचा आणि १४ नोव्हेंबर हा साइतामा प्रांताचा 'नागरिक दिन'. साइतामा टोकियोला खेटून आहे, इबाराकीही फार लांब नाही, आणि त्या दिवशी तिथल्या शाळांना सुट्टी असते. पोरं थेट डिस्नीला येतात. पर्यटकांच्या कॅलेंडरात ही तारीख लाल नसते, म्हणून बाहेरचे लोक बरोबर त्यात सापडतात. शिवाय २३ नोव्हेंबर राष्ट्रीय सुट्टी, सोमवारी येतेय, म्हणजे २१ ते २३ सलग तीन दिवस. त्यातला पहिला दिवस तुम्ही युनिव्हर्सलला दिलाय!

बदल फार नाही, नुसती अदलाबदल करा. १४-१५ ला टोकियो शहर फिरा. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथले सकाळचे ६ म्हणजे मुलांच्या शरीराला रात्रीचे अडीच. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं पहाटे उठणार नाहीत, आणि पार्कच्या दारात उशिरा पोचणं म्हणजे निम्मा दिवस रांगेला देणं. १६ सोमवारी संध्याकाळी डिस्नीलँड, १७ मंगळवारी पूर्ण दिवस डिस्नीसी, १८ ला ओसाका, १९ गुरुवारी युनिव्हर्सल, २० ला विश्रांती किंवा जवळचं नारा शहर, २१ ला कोबे, २२ ला परत.

डिस्नीलँड संध्याकाळीच का, तर 'वीकनाइट पासपोर्ट' नावाचं तिकीट सोम ते शुक्र, सुट्ट्या सोडून, ५ वाजल्यापासून चालतं. दिवसभराच्या तिकिटाच्या साधारण निम्म्यात काम होतं, रात्रीची रोषणाईची मिरवणूक दिसते आणि आजींचे पाय वाचतात.

तिकिटाची खिडकी दोन महिने आधी, जपानच्या दुपारी २ ला उघडते. १७ नोव्हेंबरचं तिकीट १७ सप्टेंबरला आपल्या सकाळी १०:३० ला. ऐन गणपतीत येतंय, आरतीच्या वेळेशी टक्कर होणार नाही एवढं बघा. पहिल्या मिनिटाला तुटून पडायची गरज नाही, मंगळवारचं तिकीट लगेच संपत नाही. पण दारात काढू म्हणाल तर खिडकीच नाही, सगळं तारखेचं आणि आगाऊ.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून दिवसभराचे दर तारखेप्रमाणे प्रौढांना ७,९०० ते १०,९०० येन, १२ ते १७ वयाला ६,६०० ते ९,०००, ४ ते ११ ला ४,७०० ते ५,६०० असे ठेवले गेले. पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा आकडा साइटवर बघा. वय भेटीच्या दिवशीचं धरतात. तुमची मुलगी १२ ची, म्हणजे डिस्नीत मधल्या दरात, पण युनिव्हर्सलमध्ये पूर्ण प्रौढ. तिथे ६५ वरच्यांना सवलतीचं तिकीट असतं, ते सासूबाईंसाठी घ्या. आणि डिस्नीलँड व डिस्नीसी हे दोन वेगळे पार्क, दिवसाचं तिकीट एकाच पार्कचं. दुपारी इकडून तिकडे असं चालत नाही.

आगगाडीवाला

रेल्वे पास काढू नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला, त्या दिवसापासून टोकियो-ओसाका करणाऱ्याला तो परवडत नाही. तुमचा हिशोब: चार मोठे आणि एक अर्धा, पास धरला तर २,२५,००० येन. नोझोमी या सगळ्यात वेगवान बुलेट ट्रेनचं टोकियो ते शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन) आरक्षित तिकीट माणशी साधारण १४,७०० येन, ६ ते ११ वयाला निम्मं. पाचांचे मिळून एका बाजूचे ६६,००० च्या आसपास. जाऊन-येऊन केलंत तरी पासपेक्षा ९०,००० येननी कमी. वर नोझोमीत बसायला पासवाल्यांना आणखी पैसे मोजावे लागतात.

पण जाऊन-येऊन करताच कशाला? मुंबईहून टोकियो आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळाहून मुंबई असं एकाच पीएनआरवर 'मल्टी सिटी' तिकीट काढा. सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जाणाऱ्या कंपन्या दोन्ही शहरांना उतरतात, त्यामुळे दर जाऊन-येऊन तिकिटाच्या जवळपास राहतो. दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं मात्र काढू नका, ती महाग पडतात आणि एक विमान चुकलं की दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

गाडीत साध्या डब्यात एका ओळीत तीन आणि दोन अशा जागा असतात. ए-बी-सी समुद्राच्या बाजूला, डी-ई डोंगराच्या. पाच जण म्हणजे अख्खी एक ओळ तुमची. ओसाकाकडे जाताना फुजी उजवीकडे, डी-ईच्या खिडकीत, टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आत. मुलाला ई द्या. सासूबाईंना सी किंवा डी, म्हणजे मधल्या वाटेला लागून, उठबस सोपी.

सामानाचं: बॅगेची लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंमीच्या वर गेली तर डब्याच्या शेवटच्या ओळीतली खास जागा आधी आरक्षित करावी लागते. नाहीतर गाडीत १,००० येन दंड. माप चाकं आणि मूठ धरून घ्यायचं. आपली २८ इंची बॅग इथेच काठावर अडकते, घरीच टेप लावून बघा.

खरं तर त्या बॅगा गाडीत न्यायच्याच नाहीत. तिथे 'ताक्युबिन' म्हणजे दारातून दारात सामान पोचवणारी सेवा आहे. १७ ला सकाळी डिस्नीसीला जाण्याआधी हॉटेलच्या काउंटरवर बॅगा द्या, चिठ्ठीवर ओसाकाच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन आणि बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव लिहा. १८ ला तुमच्याआधी किंवा तुमच्याबरोबर पोचतात. मोठ्या बॅगेला अडीच-तीन हजार येन. लोक चुकतात ते नावात: हॉटेल नवऱ्याच्या नावावर आणि चिठ्ठीवर बायकोचं नाव, मग काउंटरवाला बॅग शोधत बसतो. एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

डिस्नीचं स्टेशन माइहामा, टोकियो स्टेशनहून केइयो लाइनने पाव तास. नकाशावर सोपं दिसतं, पण टोकियो स्टेशनात केइयोचे फलाट इतके दूर आहेत की बुलेट ट्रेनपासून तिथवर चालायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. गुडघेदुखीवाल्या माणसाला हा टापू पार्कपेक्षा जड जातो. विमानतळाहून डिस्नीच्या हॉटेलांपर्यंत थेट लिमोझिन बस असते, नारिताहूनही आणि हानेदाहूनही. नाव भपकेदार, आहे साधी आरामबसच.

ओसाकात शिन-ओसाकाहून एक स्टेशन ओसाका, तिथून लूप लाइनने निशिकुजो, तिथे बदलून युमेसाकी लाइनवर 'युनिव्हर्सल सिटी'. काही गाड्या लूप लाइनवरून थेट जातात, पाटीवर बघून चढा.

मापात_पाप

उंचीचं सांगतो, कारण पोरांचं रडणं इथेच होतं. १०८ सेंमी म्हणजे वाईट नाही.

डिस्नीसी: सोअरिन, टॉवर ऑफ टेरर आणि पीटर पॅनची नवी राइड, तिघांना १०२ लागते, म्हणजे चालेल (टॉवर ऑफ टेरर घाबरवणारी आहे, उंची पुरते म्हणून नेऊ नका). एल्साची आणि रपुंझेलची बोट, टॉय स्टोरी: उंचीची अट नाही. इंडियाना जोन्स, 'पृथ्वीच्या पोटात' आणि रेजिंग स्पिरिट्स या तिघांना ११७, म्हणजे नाही. डिस्नीलँड: बिग थंडर १०२, स्प्लॅश ९०, दोन्ही चालतील. स्पेस माउंटन नव्याने बांधण्यासाठी २०२४ च्या जुलैअखेर बंद झाली, ती २०२७ मध्ये उघडायची आहे. मुलीने त्या नावावर आस लावली असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

युनिव्हर्सल: मारिओ कार्टला मोठ्यांसोबत १०७. एक सेंटीमीटरने सुटलात. योशी आणि हिप्पोग्रिफला मोठ्यांसोबत ९२. हॅरी पॉटरच्या किल्ल्यातली मुख्य राइड १२२, नाही. हॉलीवूड ड्रीम आणि फ्लाइंग डायनोसॉर १३२, मुलीचीही उंची मोजा.

तिथे काठी लावून मोजतात, वर बांधलेला केसांचा बुचडा मोजत नाहीत आणि विनवणीने काही होत नाही. मुलगा बसू शकत नसेल तिथे रांगेच्या तोंडाशी 'चाइल्ड स्विच' मागा: एक पालक बसतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग अदलाबदल, पुन्हा पूर्ण रांग नाही. ही सोय सगळ्या राइड्सना नसते. तुमच्याकडे आजी आहेत, त्या नातवाला घेऊन बसल्या तर हेही लागणार नाही.

तिथीवार यांच्याशी एका बाबतीत मतभेद. सहा वर्षांच्या मुलासाठी खरा पार्क डिस्नीलँड आहे, डिस्नीसी नव्हे. ५ ते ९ अशा चार तासांत, नोव्हेंबरच्या अंधारात, त्यातले दोन तास जेवण आणि मिरवणुकीत जातात. पैसे वाचवायचेच असतील तर उलटं करा, डिस्नीसी संध्याकाळी.

तिथीवार

मुद्दा मान्य, पण मुलगी १२ ची आहे आणि डिस्नीसीसारखा पार्क जगात दुसरा नाही. तिथला फँटसी स्प्रिंग्स भाग (एल्सा, रपुंझेल, पीटर पॅन) २०२४ च्या जूनमध्ये उघडला. सुरुवातीला आत शिरायलाच वेगळा पास लागायचा, २०२५ च्या एप्रिलपासून ती अट गेली, तरी रांगा आहेतच. तो संध्याकाळी उरकता येणार नाही. दोन्ही पूर्ण दिवस हवे असतील तर १६ आणि १७ दोन्ही पूर्ण तिकिटं घ्या, फक्त सोमवार मंगळवारपेक्षा जड असतो.

रांग टाळायला 'प्रीमियर अॅक्सेस', म्हणजे पैसे देऊन वेळ राखून ठेवणं. एका राइडला माणशी १,५०० ते २,५०० येन. चार जणांचं केलं की एका राइडचे सहा ते दहा हजार, म्हणून दिवसाला एक किंवा दोनच. डिस्नीसीत एल्सा आधी, मग पीटर पॅन. हे दारातून आत गेल्यावरच, अॅपमधूनच घेता येतं. आत पाऊल पडल्या पडल्या घ्यायचं, तासाभरात दुपारच्या वेळा उडतात. आदल्या रात्री अॅपमध्ये पाचही तिकिटं एकाच फोनवर, एका गटात आणून ठेवा.

आता फोनच्या गोष्टी, इथे सगळे अडकतात. कार्डाने पैसे भरताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. लोक विमानतळावर सिम काढून जपानचं टाकतात आणि पार्कात एसएमएसची वाट बघत बसतात. करायचं असं: भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, रोमिंग चालू, डेटा बंद. डेटासाठी ई-सिम. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा आणि मर्यादा वाढवा, आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड तयार ठेवा. तिकिटं काढताना डिस्नीची साइट भारतीय कार्ड बऱ्याचदा नाकारते. दोन-तीनदा झालं तर हट्ट न करता त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून तारखेचं ई-तिकीट घ्या. फरक एवढाच की साइटवरच्या तिकिटाची तारीख बदलता येते, विक्रेत्याकडची बऱ्याचदा नाही.

युनिव्हर्सलला पद्धत वेगळी. प्रवेशाचं तिकीट एक, 'एक्स्प्रेस पास' दुसरा. एक्स्प्रेस पासमध्ये प्रवेश धरलेला नसतो, आणि सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात वाया जातात. नुसता एक्स्प्रेस पास घेऊन लोक दारात उभे असतात. तो बहुतेक वेळा तिकिटापेक्षा महाग असतो, परत होत नाही आणि त्यावरच्या राइड्सच्या वेळा ठरलेल्या असतात. घ्यायचा असेल तर मारिओ कार्ट असलेला घ्या, त्यात निंटेंडो भागात, म्हणजे मारिओच्या जगात, शिरायची वेळही पक्की मिळते.

पास न घेता जमवायचं तर जाहीर वेळेच्या तासभर आधी दारात. दारं बऱ्याचदा आधी उघडतात. आत शिरलात की सरळ निंटेंडोकडे, पहिल्या गर्दीला वेळेची चिठ्ठी लागत नाही. नंतर पोचलात तर अॅपवरून फुकट वेळेची चिठ्ठी काढायची, ती संपली की सोडत. मनगटाचा पट्टा विकत घेण्याचा आग्रह मुलं धरतील, राइडला तो लागत नाही.

डाशी_नको

खाण्याचं. जपानीत 'मांस नको' म्हटलं तर मासे त्यात धरत नाहीत, आणि मासे नको म्हटलं तरी डाशी राहते. डाशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीच्या रश्श्यातही. म्हणून चारही शब्द सांगा: निकु (मांस), साकाना (मासा), डाशी, तामागो (अंडं), आणि शेवटी 'नाशी', म्हणजे शिवाय. जपानी लिपीत छापून कागद जवळ ठेवला तर आणखी बरं, आचारी तो वाचून खरंच तपासतो.

पार्कात 'लो अॅलर्जन' मेनू दिसला की लोक खूश होतात. तो शाकाहारी नव्हे. त्यात अंडं, दूध, गहू, शेंगदाणे वगैरे टाळलेलं असतं, मांस असू शकतं. रेस्टॉरंटांची यादी आदल्या दिवशी अॅपवर बघून एक-दोन जागा हेरून ठेवा. पॉपकॉर्न, चुरोज, भाजलेला बटाटा यांच्यावर तासभर निघतो, दिवस नाही.

डबा आत नेता येत नाही, पण दोन्हीकडचा फरक लक्षात ठेवा. डिस्नीत बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं आणि दाराबाहेर बसून खायला जागा आहे, तिथे दशम्या निवांत खा. युनिव्हर्सलमध्ये एकदा बाहेर पडलात की दिवस संपला. तिथे सकाळी हॉटेलात पोटभर खाऊनच जायचं.

कोरडे लाडू, चिवडा, शंकरपाळी बिनधास्त न्या, दिवाळीचं उरलेलं असेलच. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, फळं नकोत, विमानतळावर काढून घेतात. मांसाचा कुठलाही पदार्थ नको. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये सरळ बंदी आहे, आणि कोडीनचं खोकल्याचं औषधही घरीच ठेवा. सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या महिनाभराच्या आत असतील तर वेगळा परवाना नको, फक्त मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

राहायला निशि-कासाई किंवा शेजारचं कासाई बघा. भारतीयांची जुनी वस्ती, वाणसामान आणि शाकाहारी जेवण दोन्ही मिळतं, आणि कासाई स्टेशनवरून डिस्नीला थेट बस आहे. (याच एदोगावा प्रभागातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते.) त्या बसमुळे केइयो लाइनची ती चालही वाचते. ओसाकाहून कोबे वेगवान लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. तिथे कितानो भागात जैन मंदिर आहे, आसपास भारतीय जेवण मिळतं. २१ तारीख तिथे कारणी लागेल.

कोथरूडची_कैरी

सगळ्यांचे आभार, आराखडा पूर्ण उलटा केला. दोनच शंका. व्हिसाला कधी अर्ज करायचा? आणि सासूबाईंना व्हीलचेअर पार्कात मिळते की इथून न्यायची?

आगगाडीवाला

व्हीलचेअर दोन्हीकडे प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते, इथून नेऊ नका. डिस्नीसीत चढ-उतार आणि पूल बरेच आहेत, तिथे घ्याच. सकाळीच घ्या, संपतात.

व्हिसा ऑगस्टच्या मध्याआधी मिळेल असा अर्ज करू नका. एकेरी पर्यटक व्हिसा मिळाल्या तारखेपासून तीन महिनेच वैध असतो, तुमचं आगमन १३ नोव्हेंबरचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बरा. पाचही जणांचे अर्ज एकत्र द्या. ई-व्हिसा आला तर विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, त्यांच्या साइटवरूनच दाखवावा लागतो. छापील कागद, स्क्रीनशॉट, पीडीएफ चालत नाही. म्हणजे ई-सिम मुंबईतच फोनमध्ये टाकून ठेवा आणि उतरल्याबरोबर चालू करा, आणि सासूबाईंचा व्हिसाही तुमच्या फोनवर उघडता येतोय ना, ते घरून निघायच्या आधी एकदा करून बघा.